कामावर न आलेली गांडुळं

गणपती जाऊन चार दिवस झाले होते. आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला ओल्या कचऱ्याचा विटांचा हौद आहे. भाज्यांची देठं, फळांची सालं, पालापाचोळा त्यात जातो आणि वर्षातून दोनदा चाळून गांडूळ खत निघतं. त्या आठवड्यात पंधरा-वीस घरांचं निर्माल्य एकदम हौदात पडलं होतं. झेंडू, शेवंती, गुलाबाच्या पाकळ्या, दुर्वांच्या जुड्या. बागेचं काम बघणाऱ्या काकांनी सकाळी गोणपाट उचललं आणि मला हाक मारली.

"ताई, हे बघा."

चारही भिंतींवर गांडुळं चढली होती. काही कडेवरून बाहेर पडून फरशीवर वाळली होती. बरीचशी एका कोपऱ्यात, जिथे जुनं खत थोडं शिल्लक होतं तिथे, सुतळीच्या गुंड्यासारखी एकमेकांत गुंतून बसली होती. फुलांच्या थरात एकही नव्हतं.

"हौद तापलाय," मी म्हटलं.

काकांनी फुलांत मनगटापर्यंत हात घातला. "तापलाय खरा. पण फुलांना औषध असतंय ताई. आम्ही गावाकडं शेवंती करायचो ना. आठवड्याला फवारा."

गांडुळं उष्णतेनं पळाली की औषधानं? ताजी फुलं ढिगात पडली की ऊब धरतात, हे मला माहीत होतं. फुलं कोणी खात नाही, त्यामुळे भाजीवरच्या औषधाची जेवढी धास्ती वाटते तेवढी फुलांवरच्या औषधाची वाटत नाही, हेही माहीत होतं. दोन्ही कारणं एकाच हौदात होती आणि ती वेगळी काढायची कशी, हे मला सांगता येत नव्हतं. हे पुस्तक त्या हौदाच्या कडेला सुरू झालं.

काकांनी वापरलेला शब्द आधी बघू. शेतात कोणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध मारायचं असतं, पंपात औषध भरायचं असतं, दुकानाच्या पाटीवर बियाण्यांशेजारी औषधं लिहिलेलं असतं. आजारी पिकाला देतो ते औषध, इतका तो सरळ विचार आहे. पण त्याच गावात 'अमक्यानं औषध घेतलं' असं ऐकू आलं की कसलं औषध, असं कोणी विचारत नाही; लोक गाडी काढतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना कित्येक शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दगावले, तेव्हा या शब्दाची दुसरी बाजू साऱ्या राज्यानं पाहिली. माणसाचं निदान कळतं. तो दवाखान्यात जातो, त्याची नोंद होते. जमिनीखाली त्याच फवाऱ्यातलं काय पोचतं आणि कोणाला बाधतं, याची नोंद कोण ठेवणार?

गांडुळाशी आपली भाषा तशी नीट वागलेली नाही. कुठे दानवं, कुठे शिदोड, कुठे काडू अशी नावं त्याला आहेत, पण माणसाला गांडूळ म्हटलं की ती शिवी होते: कणा नसलेला, वळवळणारा, कोणीही तुडवावा असा. शाळेत मात्र ते 'शेतकऱ्याचा मित्र' असतं, एका गुणाच्या उत्तरापुरतं. हा मित्र नेमकं काय करतो, किती करतो आणि कधी करेनासा होतो, हे त्या एका गुणात मावत नाही.

काय करतो, ते चार्ल्स डार्विननं मोजून ठेवलं आहे. त्याचं गांडुळांवरचं पुस्तक १८८१ साली निघालं, मृत्यूच्या काही महिने आधी. विषयाचा नाद मात्र १८३७ पासूनचा. १८४२ साली त्यानं घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरवले आणि १८७१ साली तिथे चर खणला. २९ वर्षांनी खडूची पांढरी रेघ ७ इंच खाली गेली होती. कोणी ती पुरली नव्हती. गांडुळांनी खालची माती खाऊन वर टाकली आणि खडू आपोआप खाली बसत गेला. गांडुळांना ऐकू येतं का, हे पाहायला त्यानं त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवले. ऐकू येत नव्हतं, पण लाकडातून आलेली थरथर कळताच ती बिळात शिरत. इतक्या बारकाईनं पाहणाऱ्या माणसाला वाटलं की जगाच्या इतिहासात या क्षुद्र जिवाइतकं काम फारच थोड्या प्राण्यांनी केलं असेल.

गांडुळानं टाकलेल्या मातीत काय असतं, ते पुढे रसायनशास्त्रज्ञांनी पाहिलं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, आजूबाजूच्या वरच्या थरातल्या मातीपेक्षा गांडुळाच्या विष्ठेत नायट्रेटच्या रूपातलं नत्र ५ पट, पिकाला घेता येईल असं स्फुरद ७ पट आणि पालाश ११ पट भरलं. यातला 'घेता येईल असं' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण गांडूळ स्फुरद किंवा पालाश निर्माण करत नाही. पानात, शेणात, मातीत ते आधीपासून असतं, पण कुलपात. गांडुळाच्या पोटात दळण होतं, जिवाणूंना ओल आणि ऊब मिळते, आणि बाहेर पडताना कुलूप निघालेलं असतं. खताच्या पिशवीवर टक्के छापलेले असतात. आपल्या खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळ खतात किमान १ टक्का नत्र आणि प्रत्येकी ०.८ टक्के स्फुरद व पालाश असावं लागतं. हे एकूण साठ्याचे आकडे आहेत. साठ्यातलं किती पिकाच्या मुळाला लागेल, हे कुलूप उघडणारा कामावर आला होता का, यावर ठरतं.

कंपोस्टच्या इतिहासात एक मराठी नाव आहे आणि ते आपल्याच लोकांना फारसं ठाऊक नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांची 'इंदूर पद्धत' जगभर शिकवली जाते. होळकरांच्या इंदुरात, १९२४ ते १९३१ या काळात, काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक दिवसांनी पालटून, तीनेक महिन्यांत खत करण्याची ती रीत बसवली गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघालं त्यावर दोन नावं आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. शेतातला कचरा म्हणजे शेताचंच भांडवल, असं सांगणारं ते पुस्तक होतं. त्या ढिगात जाणारा काडीकचरा आजच्यासारखा फवारलेला नव्हता. शेणही, जनावराला टोचलेलं जंतनाशक ज्यातून बाहेर पडतं, असं नव्हतं. पद्धत तीच राहिली, माल बदलला.

माल बदलल्यावर काय होतं, हे पहिल्यांदा पक्ष्यांनी दाखवलं. अमेरिकेत एल्म वृक्षांचा रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांवर डीडीटी फवारलं गेलं. पानं गळली, गांडुळांनी खाल्ली, वसंतात रॉबिन पक्ष्यांनी गांडुळं खाल्ली आणि ते टपटप मेले. इलिनॉयच्या रॉय बार्कर यांनी १९५८ साली ही साखळी जोडून दाखवली आणि रेचल कार्सननं १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये ती घरोघरी पोचवली. ११ मोठी गांडुळं एका रॉबिनला मारण्याइतकं विष देऊ शकत. या गोष्टीत पक्षी मेले हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. गांडुळं तेवढं विष अंगात बाळगून जिवंत होती, हे मात्र निसटलं. या पुस्तकाचा सगळा रोख त्या निसटलेल्या गोष्टीवर आहे.

गांडुळाला फुप्फुसं नाहीत. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं, म्हणून कातडी वाळली की गुदमरतं. ही ओल म्हणजे उघडं दार. मातीतल्या पाण्यात जे विरघळलंय ते कातडीतून आत येतं आणि मातीच्या कणाला जे चिकटलंय ते तोंडावाटे, कारण गांडूळ खातखातच पुढे सरकतं. फोरेट (गावात त्याला थायमेट म्हणतात) किंवा कार्बोफ्युरान यांसारखं कीटकनाशक मज्जातंतूंवर काम करतं. एका तंतूचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर शरीरात असतं. ते अडलं की निरोप पुसला जात नाही आणि स्नायू आखडतच राहतात. असा दाणेदार माल पडलेल्या वाफ्यात गांडुळं वर येऊन वळवळतात ती यामुळे, आणि त्यांना टिपायला उतरलेला पक्षीही त्यात सापडतो. फोरेटवर भारतात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे.

बुरशीनाशकं दिसायला सौम्य. त्यांचं लक्ष्य बुरशी, गांडूळ नव्हे. पण कार्बेन्डाझिम पेशी दुभंगताना लागणारे धागेच विणू देत नाही, आणि असे धागे बुरशीसारखेच गांडुळातही असतात. ते गांडुळाला इतकं खात्रीनं बाधतं की प्रयोगशाळा त्याचा मापदंड म्हणून उपयोग करतात. किलोभर कोरड्या मातीत १ ते ५ मिलिग्रॅम कार्बेन्डाझिम घातलं तर गांडुळांची पिल्लं घटलीच पाहिजेत. नाही घटली तर चाचणीतच खोट आहे असं धरतात. त्याचा भाऊबंद असलेल्या बेनोमिलवर आपल्याकडे २०१८ साली बंदी आली. जमिनीत गेल्यावर बेनोमिलचं कार्बेन्डाझिमच होतं, ते मात्र दुकानात राहिलं.

आता हजेरीकडे येऊ. एखादं औषध गांडुळाला किती घातक, हे ठरवणारी जुनी आंतरराष्ट्रीय चाचणी १९८४ ची. ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन माती, १० टक्के पीट अशी कृत्रिम जमीन करायची, त्यात औषध मिसळायचं, गांडुळं सोडायची आणि १४ दिवसांनी मेलेली मोजायची. मेलं की नाही हे कसं ओळखायचं? पुढच्या टोकाला हलकेच टोचायचं. हललं तर जिवंत. म्हणजे रजिस्टरवर त्याची हजेरी लागली. ते खातंय का, बीळ करतंय का, कोष घालतंय का, हे रजिस्टर विचारत नाही. नंतर आलेली प्रजननाची चाचणी ८ आठवडे चालते आणि पिल्लं मोजते. तिथे चित्र पार बदलतं. ज्या मात्रेला एकही गांडूळ मेलं नव्हतं, तिच्या कितीतरी खाली पिल्लं कमी झालेली दिसतात. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या प्रयोगांत गांडुळं जिवंत राहिली, पण बिळं आखूड झाली. ज्या जमिनीत बीळ आखूड, तिथे पाणी मुरत नाही आणि पालापाचोळा वरच पडून राहतो.

दुसरी मेख चाचणीच्या गांडुळातच आहे. चाचणीत वापरतात ते आयसेनिया फेटिडा, तेच जे आपण 'कल्चर' म्हणून किलोवर विकत घेतो. ते शेणात, कुजत्या ढिगात राहणारं गांडूळ. नांगरलेल्या काळ्या जमिनीत ते टिकत नाही. कल्चर आणून शेतात सोडलं आणि महिन्यात नाहीसं झालं, असं सांगणारे अनेक जण भेटतात ते याच कारणानं. शेतातली गांडुळं वेगळी. उन्हाळ्यात खोल जाऊन पडतात, जमिनीला वाफसा आला की वर येतात. शेतातल्या बऱ्याच जातींच्या मानानं आयसेनिया चिवट निघालं आहे. शिवाय चाचणी २० अंशाला होते, आणि आपला श्रावण २० अंशाचा नसतो. आपल्याकडे गांडुळं वर येण्याचे महिने आणि फवारणीचे महिने मात्र नेमके एकच.

२०१५ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी ग्लायफोसेटच्या तणनाशकानंतर काय होतं, ते कुंड्यांत पाहिलं. खोल बीळ करणाऱ्या जातीनं पृष्ठभागावर माती टाकणं तीन आठवड्यांत जवळजवळ थांबवलं. मातीत राहणाऱ्या दुसऱ्या जातीची पैदास तीन महिन्यांत ५६ टक्क्यांनी घटली. आणि त्याच मातीत नायट्रेट १५९२ टक्क्यांनी, फॉस्फेट १२७ टक्क्यांनी वाढलं. माती परीक्षणाचा असा अहवाल हातात आला तर शेतकरी खूश होईल. पण ते घेणारी मुळं मेलेली होती. पुढच्या पावसात ते नत्र वाहून विहिरीत जाणार. अन्नद्रव्य मातीत असणं आणि ते पिकापर्यंत वेळेवर पोचणं यात किती अंतर असतं, ते या एका आकड्यात दिसतं.

सेंद्रियवाल्यांनी इथे सुस्कारा टाकू नये. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सेंद्रिय शेतीतही चालतं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि कोकण-गोव्याच्या सुपारीत ते पिढ्यान्‌पिढ्या फवारलं जातंय. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदात पाव हिस्सा तांबं असतं. एकरी ४०० लिटर फवारलं तर १ किलो तांबं, म्हणजे हेक्टरी अडीच किलो. युरोपीय संघानं २०१९ पासून घातलेली मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची, वर्षाला सरासरी ४. असे दोन फवारे झाले की वर्षाची सरासरी ओलांडली. कार्बेन्डाझिम आज ना उद्या मोडतं. तांबं हे मूलद्रव्य, ते मोडणार कशात? ते वरच्या चार बोटं मातीत साठत जातं आणि गांडुळं तिथून उठून जातात. तांब्याचे फवारे वर्षानुवर्षं घेतलेल्या इंग्लंडमधल्या सफरचंदाच्या बागांत गांडुळं जवळजवळ संपली आणि गळलेल्या पानांची न कुजलेली चटई जमिनीवर साचली. पानांत नत्र होतं, स्फुरद होतं. खाली न्यायला कोणी नव्हतं.

खताच्या ढिगातही हाच न्याय. ढीग कुजताना निम्म्यानं बसतो. जे मोडतं ते जातं, जे मोडत नाही ते निम्म्या वजनात राहतं, म्हणजे दुप्पट दाट होतं. छाटणीच्या काड्यांवरचं तांबं खतात असंच वाढून येतं. काही तणनाशकं तर जनावराच्या पोटातून जशीच्या तशी शेणात उतरतात. २००८ साली ब्रिटनमध्ये अमायनोपायरॅलिड फवारलेल्या कुरणातलं गवत गुरांनी खाल्लं, त्यांचं शेणखत परसबागांत गेलं आणि टोमॅटो, घेवडा, बटाटा यांची पानं वळून पिकं वाया गेली. खत घालणाऱ्यांनी स्वतः एक थेंबही फवारला नव्हता.

पण निराशेचा सूर लावण्याचं कारण नाही. बरीचशी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली औषधं नीट तापलेल्या ढिगात पुष्कळ मोडतात. ढीग ५५-६० अंशांवर चढतो, जिवाणूंची झुंबड उडते आणि ती औषधंही त्यांचं खाद्य होऊन मोडतात. आपल्याकडे गांडूळ खत करणारे माल आधी १५-२० दिवस अर्धवट कुजवून मग बेडवर घेतात. ते करतात उष्णता निवावी म्हणून, कारण ३५ अंशांच्या वर गांडूळ तग धरत नाही. पण त्या पंधरवड्यात औषधाचाही बराच निकाल लागतो. आपल्या जुन्या रीतीत असं नकळत साधलेलं शहाणपण आहे. त्याच वेळी, घरगुती म्हणून सगळंच निरुपद्रवी नसतं. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटीन मज्जातंतूच्या ज्या जागी जाऊन बसतं, तिथेच इमिडाक्लोप्रिडही बसतं.

या पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला गांडुळाच्या शरीराचा आणि कामाचा. दुसरा औषधांचा, गटागटानं: कोणतं किती दिवस टिकतं, कशात मोडतं, गांडुळाला कुठे धरतं. तिसरा ढिगाचा आणि बेडचा, म्हणजे काय घालावं, काय आधी कुजवावं, काय वेगळंच ठेवावं. फवारणी बंद करा, असं हे पुस्तक सांगत नाही. डाऊनी रोग आलेल्या द्राक्षबागेत उभं राहून तसं सांगायची माझी हिंमत नाही. फवारण्याआधी हिशोबात आणखी एक मजूर धरावा, एवढीच विनंती आहे. त्याला रोज द्यावा लागत नाही, म्हणून त्याचा खाडा कोणाच्या लक्षात येत नाही.

आता हौदाचा निकाल. गांडुळं टाळतात का, हे पाहण्याची एक प्रमाणित चाचणी आहे आणि ती घरी ढोबळमानानं करता येते. प्लॅस्टिकचा टब घेतला, मधोमध पुठ्ठा उभा केला. एका बाजूला जुनं खत, दुसऱ्या बाजूला त्याच खतात मिसळलेला फुलांचा चुरा. फुलं आधी सावलीत पसरून पूर्ण निववली होती, म्हणजे उष्णतेचा प्रश्न मिटला. पुठ्ठा काढून त्या रेघेवर १० गांडुळं सोडली, वर गोणपाट टाकलं. ४८ तासांनी पुठ्ठा पुन्हा खोचून दोन्हीकडची मोजली. खताच्या बाजूला ९, फुलांच्या बाजूला १. प्रमाणित चाचणीत १० पैकी ८ पेक्षा जास्त गांडुळं स्वच्छ बाजूला गेली, तर दुसरी बाजू राहण्यालायक नाही असं धरतात. एका टबावरून सिद्ध काही होत नाही, फुलांची चवच त्यांना नकोशी असेल, असंही म्हणता येईल. म्हणून परसातला फवारा न मारलेला झेंडू आणून तोच प्रयोग पुन्हा केला. ६ आणि ४. काका म्हणाले, "मी सांगत होतो." तेव्हापासून निर्माल्य आमच्याकडे वेगळ्या पिंपात महिनाभर कुजतं आणि मगच हौदात जातं.

वाचकांनीही हे करून पाहावं. टब, पुठ्ठा आणि १० गांडुळं एवढंच लागतं. एका बाजूला आपलं खत, दुसऱ्या बाजूला ज्याचा संशय आहे ते. टबावर खडूनं तारीख आणि वेळ लिहा, गोणपाट टाका आणि मग पुढचं पान उलटा. ४८ तास आहेत. तेवढ्यात पहिला भाग वाचून होईल.